डोळे मिटायचं खरं कारण

साकीनाक्याच्या त्या गाळ्यात मी साडेचार वर्षं काम केलं, आणि त्यातले जवळजवळ दोन महिने मला डोळ्यांचा आजार होता. खरं तर आजार काही नव्हताच. मी एक वाक्य खोटं बोलले होते आणि ते मागे घ्यायची हिंमत होत नव्हती, म्हणून आजार चालू राहिला.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. घाटकोपरला दोन खोल्यांत आई, पप्पा आणि मी राहायचो. पप्पा म्युनिसिपल शाळेत मास्तर होते. आमचं घराणं मूळचं नगर जिल्ह्यातलं, आजोबांच्या वडिलांपासून ख्रिस्ती. पण आडनाव असं, की त्या आडनावाची माणसं सगळीकडे सापडतात. मी साडी नेसायचे, हातात बांगड्या घालायचे, घरात मराठीच. टिकली लावत नव्हते, पण त्या वर्षांत बऱ्याच मुली लावत नव्हत्या. त्यामुळे मी सांगितल्याशिवाय कुणाला कळायचं कारण नव्हतं, आणि मी सांगत नव्हते.

गाळ्यात रेडिओ-टीव्हीला लागणारी कॉइल बनायची. लांब बाकाला आम्ही सहाजणी बसायचो. समोर हातानं फिरवायचं छोटं मशीन, त्यावर केसापेक्षा बारीक तांब्याची तार गुंडाळायची. तार जरा जास्त ताणली की तुटायची, सैल सोडली की कॉइल वाया. माझा हात चांगला होता. सगळ्यांत बारीक तारेचं काम साहेब मलाच द्यायचे, आणि मला त्याचा थोडा तोराही होता.

माझ्या उजव्या बाजूला मावशी बसायच्या. मावशी मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, संपानंतर गिरणीचं दार पुन्हा त्याच्यासाठी उघडलंच नाही. तो दिंडोशीच्या एका सोसायटीत वॉचमन झाला आणि मावशींनी पंचेचाळिसाव्या वर्षी कॉइल गुंडाळायला शिकून घेतलं. डाव्या बाजूला माझ्याच वयाची वेसाव्याची कोळीण. तिला सगळे वेसावकरीणच म्हणायचे. तिचा आवाज मशीन चालू असतानाही दारापर्यंत ऐकू जायचा. बापूस होडीवर, आई अंधेरीच्या बाजारात मासळी विकायची, आणि हिला मासळीच्या टोपलीपेक्षा तारेचं रीळ बरं वाटलं म्हणून ती इथे आली होती.

दुपारी एकला मशीनं बंद व्हायची आणि त्याच बाकावर वर्तमानपत्र पसरून आम्ही डबे उघडायचो. आमच्या घरात जेवणावर आशीर्वाद मागितल्याशिवाय घास घ्यायची पद्धत नाही. मी मान जराशी खाली घालून, डोळे मिटून, मनातल्या मनात दोन वाक्यं म्हणायचे. पाच सेकंदांचं काम. तीन महिने कुणाच्या लक्षात आलं नाही, म्हणजे मला तसं वाटत होतं.

एक दिवस वेसावकरणीनं सरळ विचारलं, “ए, तू जेवायच्या आधी रोज डोळे का मिटतेस गं?”

बाकावरच्या पाचहीजणींचे हात थांबले. उत्तर सोपं होतं. तोंडून मात्र आलं, “डोळे चुरचुरतात गं. बारीक तारेचं काम ना.”

हे असं का झालं ते सांगायला हवं. मी पाचवीत असताना शाळेत माझी एक जिवलग मैत्रीण होती. एकदा चर्चच्या रविवारच्या शाळेत आम्हाला येशूच्या गोष्टीचं एक रंगीत कार्ड मिळालं. मला ते इतकं आवडलं की मी ते तिला देऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची आई आमच्या दारात आली. भांडायला नाही, फार सभ्य बाई होती. कार्ड आईच्या हातात ठेवून हळू आवाजात म्हणाली, “आमच्या मुलीला हे असलं देऊ नका.” आईनं मान हलवली. त्यानंतर ती मैत्रीण माझ्या बाकावर बसली नाही. कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही, पण त्या “असलं” शब्दानं माझ्या मनात घर केलं. जे मला जीव की प्राण होतं ते दुसऱ्याच्या दारात “असलं” होतं. तेव्हापासून मी ते पदराआड ठेवायला शिकले. कुणी विचारलंच तर विषय बदलायचा. नाताळला पोट बिघडल्याची चिठ्ठी पाठवायची. शाळेत केलं, पहिल्या नोकरीत केलं, इथेही तेच करायचं ठरवलं होतं.

पण इथल्या बायका विषय सोडणाऱ्या नव्हत्या.

मावशींनी दुसऱ्याच दिवशी गुलाबपाणी आणलं आणि माझं डोकं आपल्या मांडीवर ओढून दोन्ही डोळ्यांत थेंब सोडले. ते असे झोंबले की मला खरंच पाणी आलं. “बघ, घाण भायर पडता,” मावशी खूश होऊन म्हणाल्या. मग एरंडेलाचं काजळ आलं. मग मावशींच्या शेजारणीची सून नुकतीच बाळंत झाली होती, तिचं दूध डोळ्यांत घालायचा बेत निघाला. तो मी कसाबसा टाळला.

वेसावकरणीचा उपाय वेगळा होता. तिनं एक दिवस पितळी डबा माझ्यापुढे सरकवला. आत लाल कालवणात माशाचं एक मोठं डोकं माझ्याकडे बघत होतं.

“याचे डोळे खा. डोळ्यांना डोळेच पाहिजेत.”

“अगं पण...”

“पण काय? आईनं खास ठेवलंय. सांगितलंय, त्या पोरीला खाऊनच पाठव.”

मी खाल्ले. दुसऱ्या दिवशी पुन्हा डोकं. आठवड्यातून चार दिवस डोकं. कालवण झकास असायचं, खोटं कशाला बोलू. पण पाचजणींसमोर माशाचे डोळे चोखताना घास मात्र जड व्हायचा. या बायका माझ्यासाठी एवढं करतायत आणि मी त्यांना एक साधी गोष्ट सांगत नाही.

मग हे साहेबांच्या कानावर गेलं. आमचे साहेब म्हणजे सुपरवायझर, गिरगावचे, कडक इस्त्रीचे, पण मनानं सरळ माणूस. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “डोळ्यांशी खेळ नको. डॉक्टरकडे जा.” मी गेले. डॉक्टरांनी लांबची अक्षरं वाचायला लावली, जवळची वाचायला लावली, टॉर्च मारला आणि म्हणाले, “तुमचे डोळे उत्तम आहेत. तुम्ही आलात कशाला?”

याचं उत्तर मी डॉक्टरांनाही दिलं नाही.

साहेबांना मी सांगितलं की डॉक्टरांनी काळजीचं कारण नाही म्हटलंय. त्यांना वाटलं, नोकरी जाईल म्हणून पोरगी लपवतेय. दुसऱ्या दिवशी माझ्या मशीनवर दुसरी मुलगी बसलेली दिसली. मला पॅकिंगला टाकलं होतं. गाळ्याच्या मागच्या कोपऱ्यात, पुठ्ठ्याच्या खोक्यांत कागदाची कात्रणं भरायची आणि वर कॉइल मांडायची. “चांगले डोळे आहेत, जपले पाहिजेत,” साहेब म्हणाले, आणि ते अगदी प्रेमानं म्हणाले हेच वाईट होतं.

त्या कोपऱ्यात बसून मी आणखी एक गोष्ट केली. जेवणाआधी डोळे मिटणं बंद केलं. म्हटलं, कारणच नको. पहिल्या दिवशी घास तोंडात गेला आणि मला काहीतरी विसरल्यासारखं वाटलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते वाटणंही कमी झालं. मला त्याचीच भीती वाटली.

रविवारी चर्चमधल्या उपासनेहून परत येताना मी पप्पांना सगळं सांगून टाकलं. गुलाबपाणी, काजळ, डॉक्टर, पॅकिंग. पप्पा गंभीर चेहऱ्यानं ऐकत होते. मी माशाच्या डोक्यापाशी आले आणि त्यांना हसू आवरेना. रस्त्यात थांबून, रुमालानं चष्मा पुसत हसले.

“पप्पा, मी रडकुंडीला आलेय.”

“अगं, हसू नको तर काय करू? तुला साधं ‘मी प्रार्थना करते’ म्हणवलं नाही म्हणून किती माशांची डोकी गेली.” मग थोडं चालून म्हणाले, “मला एक सांग. तुला कसली भीती वाटते? त्या बायका तुला टाकतील याची?”

“हो.”

“तुझे डोळे बिघडले तर त्यांनी तुला टाकलं का?”

मला मावशींची मांडी आठवली.

“त्यांना काही पटवायचं नाहीये तुला. तू काय आहेस तेवढं सांगायचंय,” पप्पा म्हणाले. पुढे त्यांनी विषय काढला नाही. सोमवारी सांगायचं असं मी पक्कं ठरवलं. सोमवारी सांगितलं नाही. मंगळवारीही नाही.

त्याच आठवड्यात गुरुवारी सकाळी साहेबांच्या केबिनमधला फोन वाजला आणि मावशींना बोलावणं आलं. त्यांची मुलगी मानखुर्दला दिली होती, पहिलटकरीण, दिवस भरत आले होते. जावयाचा फोन होता. मूल आडवं आहे, इथल्या दवाखान्यात जमणार नाही म्हणतात, मोठ्या हॉस्पिटलात हलवतोय. कुठे ते ठरलं की कळवतो, तोवर निघू नका, चुकामूक होईल. फोन ठेवून मावशी बाहेर आल्या आणि बाकावर बसल्या. साहेबांनी घरी जायला सांगितलं, पण घरी जाऊन काय करणार, फोन तर इथे येणार. म्हणून त्या मशीनसमोरच बसून राहिल्या. हाताला चाळा म्हणून तार घेतली, ती तुटली. पुन्हा घेतली, पुन्हा तुटली.

मी मागच्या कोपऱ्यातून बघत होते. मावशी गावच्या देवाला काहीतरी पुटपुटत होत्या. मी कात्रणांत हात घालून तिथल्या तिथे प्रार्थना सुरू केली, नेहमीसारखी, मनातल्या मनात, डोळे उघडे ठेवून. आणि मला माझीच लाज वाटली. ज्या बाईनं माझं डोकं मांडीवर घेतलं होतं ती दहा पावलांवर एकटी बसली होती, आणि मी तिच्यासाठी देवाशी चोरून बोलत होते.

मी उठले. हातांना कात्रणं चिकटली होती ती तशीच. मावशींच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, “मावशी, मी ख्रिस्ती आहे. माझे डोळे कधी दुखत नव्हते. मी जेवायच्या आधी प्रार्थना करत होते. आता तुमच्या मुलीसाठी करू का? इथे, तुमच्यासमोर?”

सगळं एका दमात आलं. कशातून काय निघालं ते मावशींना कळलं की नाही देव जाणे. त्यांनी माझा हात घट्ट धरला. “कर गो बाय. विचारतंस काय? कर.”

बाकीची मशीनंही थांबली. मी आयुष्यात कधी अशी मोठ्यानं, परक्या लोकांत प्रार्थना केली नव्हती. चर्चमध्ये पाळकसाहेब करतात तशी भाषा आठवेना. जी आली ती साधीच आली. म्हटलं, “प्रभू येशू, मावशींची मुलगी घाबरली असेल. तिच्याजवळ राहा. डॉक्टरांच्या हातांना बळ दे. बाळाला सुखरूप बाहेर आण. मावशींना धीर दे. आमेन.” डोळे उघडले तर वेसावकरीण समोर हात जोडून उभी, आणि केबिनच्या दारात साहेब, चष्मा हातात घेऊन.

सव्वा तासानं फोन आला. साहेबांनी स्वतः घेतला, बाहेर आले आणि म्हणाले, “मुलगी झाली. ऑपरेशन करावं लागलं. दोघी व्यवस्थित आहेत.” मावशी उठल्या, बसल्या, परत उठल्या. कुणाला मिठी मारावी ते त्यांना सुचेना म्हणून सगळ्यांनाच मारली. साहेबांनी रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली. चप्पल घालता घालता मावशी माझ्याकडे वळल्या. “मी आमच्या देवाक सांगितलंय, तू तुझ्या देवाक सांगितलंस. दोघांचे उपकार,” असं म्हणून दोन पावलं गेल्या, आणि तिथेच थांबल्या. बहुतेक तेव्हा कुठे माझं पहिलं वाक्य त्यांच्या डोक्यात शिरलं. “आणि डोळे दुखत नव्हते? थांब, येऊन बघतंय तुका.”

वेसावकरणीनं मात्र येण्याजाण्याची वाट बघितली नाही.

“डोळे दुखत नव्हते?”

“नाही.”

“माझी आई रोज पहाटे एक डोकं बाजूला काढून ठेवायची. गिऱ्हाईक मागायचं तर त्याला नाही म्हणायची. आजारी पोरीसाठी आहे म्हणायची.”

“मला माफ कर गं.”

“ख्रिश्चन आहेस तर आहेस. आमच्या वेसाव्यात काय कमी आहेत? आमच्या गल्लीतच दोन घरं आहेत. त्यात लपवायचं काय?” तिला खरोखर राग आला होता. मी मान खाली घालून ऐकत होते आणि मनात कुठेतरी आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, कारण ती फक्त खोटं बोलण्यावर चिडली होती. दुसऱ्या कशावरही नाही. शेवटी ती म्हणाली, “आणि सगळी डोकी खाल्लीस?”

“सगळी. कालवण फार छान होतं.”

त्यावर बाकीच्याजणी हसायला लागल्या, आणि तिलाही हसू फुटलं.

साहेबांनी संध्याकाळी बोलावून पाच मिनिटं झाडलं. डॉक्टरचा वेळ घेतला, मशीनवर नवीन मुलगी बसवून किती कॉइल वाया गेल्या, सगळं ऐकवलं. मग म्हणाले, “उद्यापासून आपल्या जागेवर बस. प्रार्थना काय करायची ती कर. फक्त मशीन चालू असताना डोळे उघडे ठेव.”

मला वाटलं, संपलं. पण खरी सुरुवात त्यानंतर झाली. आता डबा उघडला की वेसावकरीण सगळ्यांना म्हणायची, “थांबा गं, हिचं होऊ दे.” आणि माझं झालं की प्रश्न. तुमच्यात लग्न कसं लावतात? मेल्यावर पुरतात ते का? येशू होता कोण, काम काय करायचा? सुतार म्हटल्यावर सगळ्यांना आपला वाटला. मी घाबरत घाबरत एकेक गोष्ट सांगायला लागले. पहिल्या दिवशी दोन वाक्यं, महिन्याभरानं डबे रिकामे झाले तरी माझं संपलेलं नसायचं.

कोळ्यांची गोष्ट ऐकल्यावर वेसावकरीण म्हणाली, “ही माझ्या बापसाला सांग. रविवारी ये.”

तिचा बापूस होडीवर घसरून पडला होता. पाय प्लॅस्टरमध्ये, आणि घरात बसून सगळ्यांचं डोकं खात होता. बाकावरच्या मैत्रिणींना सांगणं वेगळं आणि अनोळखी घरी जाऊन वडीलधाऱ्या माणसाला सांगणं वेगळं. मला पुन्हा ते शाळेतलं कार्ड आठवलं. बसमध्ये दोनदा परत फिरावंसं वाटलं.

वेसाव्याच्या त्या घरासमोर सुकत टाकलेली मासळी होती, आणि ओटीवर तिचा बापूस प्लॅस्टरचा पाय स्टुलावर ठेवून जाळं विणत बसला होता. आईनं मला पाहिलं आणि आधी माझे डोळे निरखले. “बरे दिसतात,” एवढंच म्हणाली आणि तोंडाला पदर लावून आत गेली. लेकीनं तिला सगळं सांगितलेलं होतं.

“सांग पोरी, काय ती कोळ्यांची गोष्ट,” बापूस म्हणाला.

मी सांगायला लागले. तळ्याकाठी कोळी जाळी धूत होते, रात्रभर त्यांना काही मिळालं नव्हतं. येशू आला, गर्दी फार होती म्हणून त्यानं होडी मागितली, म्हणजे होडीत बसून लोकांशी बोलता येईल.

बापसाचे हात थांबले. “रातभर काय नाय गावलं आणि वर होडी मागितली?”

“हो.”

“आणि दिली त्या कोळ्यानं?”

“दिली.”

“मग तो माणूस चांगला. मी नसती दिली. पुढं?”

पुढे मी सांगितलं की बोलून झाल्यावर येशू म्हणाला, आता खोल पाण्यात जाऊन जाळी टाका.

“दिवसा?”

“दिवसा.”

“दिवसा मासळीला जाळं दिसतं. तो सुतार ना, त्याला काय माहीत.” त्याला गोष्ट आवडायला लागली होती, हे आवाजावरून कळत होतं. “टाकली?”

“टाकली. तो म्हणतो म्हणून टाकली. आणि इतकी मासळी आली की जाळी फाटायला लागली. दुसरी होडी बोलवावी लागली. दोन्ही होड्या बुडायच्या बेताला आल्या.”

बापूस जाळ्याच्या गाठीवर बोट फिरवत राहिला. मी म्हटलं, “मग ते कोळी होड्या किनाऱ्याला लावून, सगळं सोडून त्याच्याबरोबर गेले.”

“भरलेल्या होड्या सोडून?”

“हो.”

“आणि मासळी?”

हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. मी कधी स्वतःलाही विचारला नव्हता.

आतून आईचा आवाज आला, “बायकांनी नेली असणार बाजारात. दुसरं कोण नेणार?”

बापूस इतका हसला की प्लॅस्टरचा पाय स्टुलावरून घसरला. मग जेवायला बसवलं. ताट आलं तसा बापूस म्हणाला, “तुझं ते काय असतं ते म्हण. आमच्या जेवणावर पण म्हण.” मी मोठ्यानं म्हटलं. परत येताना खाडीचा वारा तोंडावर घेत मी बसस्टॉपपर्यंत जवळजवळ पळत आले, काही कारण नसताना. इतकी वर्षं मी माझी श्रद्धा काचेच्या भांड्यासारखी जपत होते. या लोकांनी ती दोन्ही हातांनी घेतली, उलटसुलट करून पाहिली, तिच्यावर हसले, तिच्यापुढे गप्पही झाले. तिला काही झालं नाही. उलट ती मला पहिल्यांदा नीट दिसली.

त्या वर्षी नाताळची रजा मागायला केबिनमध्ये गेले तेव्हा साहेबांनी विचारलं, “कारण?” मी म्हटलं, “नाताळ आहे. आणि संध्याकाळी तुम्ही सगळे आमच्याकडे या.” बोलायच्या आधी मी तसं ठरवलेलं नव्हतं. घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती चकल्यांच्या पिठाकडे बघून म्हणाली, “मग हे दुप्पट भिजवायला हवं.”

आमच्या नाताळचा फराळ म्हणजे करंज्या, चकल्या, शेव, लाडू, तुमच्या दिवाळीसारखाच. पप्पांनी दरवर्षीप्रमाणे गॅलरीत कागदाची चांदणी टांगली. पाचच्या सुमाराला जिना दणाणला आणि बाकावरच्या पाचहीजणी आल्या. मावशींच्या मागे त्यांची मुलगी, कडेवर गुबगुबीत बाळ. साहेब पेढ्यांचा पुडा घेऊन आले, दहा मिनिटं खुर्चीच्या कडेवर बसले, पप्पांशी हवापाण्याचं बोलले आणि गेले. घरात माणसं मावेनात म्हणून आम्ही गॅलरीत सतरंजी टाकली. सगळा मजला आपापल्या दारातून बघत होता.

“आजच्या दिवसाची गोष्ट सांग,” मावशी म्हणाल्या.

मी सांगितली. परगावी निघालेलं जोडपं, बाईचे दिवस भरलेले, कुठे उतरायला जागा नाही, शेवटी गोठ्यात बाळंतपण.

“गोठ्यात? सुईण कोण होती?” मावशींनी विचारलं.

“ते लिहिलेलं नाही.”

“लिवलेला नाय म्हणजे? पहिलटकरीण, परको गाव, सोबत एकटो घोव. सुईण असतलीच. शेजारची कोणतरी म्हातारी इली असतली धावत.”

मी पप्पांकडे पाहिलं. जन्मभर बायबल वाचलेला माणूस, तोही विचारात पडला. “असेलही,” पप्पा म्हणाले.

“असेलही नाय. होतीच,” मावशी म्हणाल्या.

मी चहा ठेवायला आत गेले. परत आले तर शेजारच्या खोलीतल्या आजी सतरंजीवर येऊन बसल्या होत्या, त्यांची सून, पलीकडच्या दोन बायकाही. आणि मावशी नातीला मांडीवर थोपटत, हातवारे करत, अस्सल मालवणीत येशूच्या जन्माची गोष्ट सांगत होत्या. त्यांच्या गोष्टीत सुईण होती, गरम पाणी होतं, बाळंतिणीला कुणीतरी दिलेली पेज होती आणि गोठ्यातली गाय शहाणपणानं बाजूला सरकली होती. मग मेंढपाळ आले, आकाश उजळलं, आणि ते बाळ सगळ्यांसाठी आलंय असं मावशींनी सांगितलं. तेवढं वाक्य त्यांनी माझंच घेतलं होतं, शब्द न बदलता.

शेजारच्या आजी म्हणाल्या, “मास्तर, वीस वर्षं मी तुमच्या शेजारी राहते. ही चांदणी दरवर्षी बघते. पण ती कशासाठी, हे मला आज कळलं. तुम्ही कधी सांगितलं नाहीत.”

पप्पा गोरेमोरे झाले. हा माणूस मला समजावत होता, आणि दाराबाहेर त्यानंही कधी शब्द काढला नव्हता. फक्त चांदणी लावत आला. ते सतरंजीच्या कडेला मांडी घालून बसले. “चूक झाली, आजी,” म्हणाले. “आता सांगतो. पुढची गोष्ट आणखी चांगली आहे.” मास्तरकीची सवय, त्यामुळे बसल्या बसल्या आवाज चढला आणि मजल्यावरची मुलंही येऊन टेकली. आईनं करंज्यांचा डबा मधोमध आणून ठेवला. वेसावकरीण दर दोन वाक्यांनी पप्पांना अडवून विचारत होती, आणि पप्पा आनंदानं अडत होते.

मावशींनी आपले देव सोडले नाहीत, मीही कधी तसं म्हटलं नाही. गावाला कायमच्या जाईपर्यंत दर नाताळला त्या आल्या आणि गोष्ट त्याच सांगायच्या. वेसावकरणीनं एकदा माझ्याकडून येशूच्या गोष्टीचं पुस्तक मागून नेलं, बापसाला वाचून दाखवायला, आणि वाचता वाचता ती स्वतःच त्यात गुंतली. पुढे काही वर्षांनी ती आमच्या उपासनेला येऊ लागली, मागच्या बाकावर बसायची आणि गाणी मात्र सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची. गाळा नंतर बंद पडला, आम्ही पांगलो. आजही कुणी माझ्याबद्दल विचारलं तर सांगायच्या आधी छातीत थोडं धडधडतं. मी सांगते, आणि बहुतेक वेळा समोरचा माणूस एखादा असा प्रश्न विचारतो, ज्याचं उत्तर मला घरी जाऊन शोधावं लागतं.